निधीच्या कार्डावर 'टेक्नॉलॉजिस्ट'

मागच्या सोमवारी सयाजीगंजच्या आमच्या इमेजिंग सेंटरमध्ये नवीन आयकार्डं आली. माझ्या कार्डावर 'एक्स-रे टेक्निशियन', आणि निधीच्या कार्डावर... 'रेडिओलॉजिकल टेक्नॉलॉजिस्ट'.

निधी जवळच्या सावली गावची, दोन वर्षांपूर्वी लागलेली. तिची बी.एस्सी. आहे, माझा डिप्लोमा. पण मी एकोणीस वर्षं हेच काम करतेय हो! डार्करूममध्ये फिल्म धुण्यापासून...

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. आमचे गुजराती पेशंट आम्हा दोघींनाही 'फोटावाळा बेन', म्हणजे फोटोवाल्या ताईच म्हणतात, तरी ते कार्ड तिच्या गळ्यात दिसलं की माझा घास कडू व्हायचा. तिच्याशी बोलणं मी कामापुरतं ठेवलं.

बुधवारी एक आजी स्ट्रेचरवरून आल्या. बाथरूममध्ये घसरल्या होत्या, खुब्याचा एक्स-रे होता. निधीने समोरून एक काढला. बाजूने काढायला ती त्यांचा दुखरा पाय वळवू लागली आणि आजी कळवळल्या.

मी काचेपलीकडे कन्सोलजवळ उभी होते. अशा वेळी दुखऱ्या पायाला हात लावायचा नसतो. चांगला पाय वर उचलून धरायचा आणि खुब्याशेजारी कॅसेट, म्हणजे एक्स-रेची पाटी, उभी करून आडवा एक्स-रे घ्यायचा. मला हे झोपेतही येतं.

पण मी हलले नाही. मनात म्हटलं, टेक्नॉलॉजिस्ट आहे ना, मग काढ की आता...

निधीने पुन्हा प्रयत्न केला. आजी "ओ मा रे" म्हणून जोरात ओरडल्या. मी धावतच आत गेले. त्यांचा चांगला पाय स्टँडवर टेकवला, निधीला कॅसेट कुठे धरायची ते दाखवलं. एका झटक्यात एक्स-रे निघाला. फ्रॅक्चर होतं.

बाहेर आजींचा मुलगा निधीला थँक यू म्हणू लागला. ती लगेच म्हणाली, "मला नाही जमलं, आमच्या मोठ्या बेननी काढला."

मला मान वर करवेना. चहाच्या वेळी तिला एकटीला गाठलं. म्हटलं, "निधी, मला आधीच यायला हवं होतं. मी मुद्दाम थांबले होते."

"मने खबर छे, बेन, माहीत आहे मला," ती म्हणाली. "काचेतून दिसत होतात तुम्ही." मग कप खाली ठेवून म्हणाली, "मला रागावा, बोलू नका महिनाभर... पण पेशंट ओरडत असेल तेव्हा या."

माझ्या निम्म्या वयाची पोर. तिने हे कोणालाही सांगितलं नाही, म्हणून मीच इथे लिहितेय. हेवा अजून गेलेला नाही, पण आता हाक मारायच्या आधी आत जाते. आणि त्या आजींची माफी मागायची मात्र राहूनच गेली...