रेकॉर्डिंगमधली बाई

महाडच्या कोर्टात काही वर्षं वकिली करून दीक्षा कंटाळली, तेव्हा तिनं मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीचं काम घेतलं. परदेशातल्या पेटंटच्या खटल्यांची रेकॉर्डिंग्ज घरी बसून ऐकायची आणि कोणती बाजू पडेल ते कळवायचं. वायरलेस तंत्रज्ञानातल्या दोन कंपन्या तेव्हा एकमेकींशी भांडत होत्या. काम देणाऱ्या विपुलनं सुरुवातीलाच सांगितलं, "खरं कोण, ते आपल्याला नकोय. पेटंट टिकेल का, विक्रीवर बंदी येईल का, की मध्येच तडजोड होईल, तेवढं सांगा. शेअर ठेवायचे की विकायचे ते आम्ही ठरवू."

एका रेकॉर्डिंगमध्ये, पेटंट ज्याच्या नावावर होतं तो म्हातारा इंजिनिअर साक्ष देत होता. समोरच्या वकिलानं विचारलं, "ही कल्पना तुमच्या एकट्याची?"

तो थांबला. त्या शांततेत दीक्षाला श्वास ऐकू आला. माइकच्या अगदी जवळ, हुंदका आवरणाऱ्या बाईचा. मग इंजिनिअर "हो" म्हणाला.

तिनं हेडफोन काढून तेवढाच तुकडा मोठ्या आवाजात लावला. तांदूळ निवडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "कोन बाय रडतेय गो?"

साक्षीच्या कागदांवर हजर असलेल्यांची नावं होती. सगळे पुरुष.

तिनं तो तुकडा विपुलला पाठवला. त्याचा फोन आला. "काहीच नाहीये यात, नुसती शांतता. पण एवढा का थांबला तो?"

"त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी होतं. पेटंट टिकणार नाही, असं वाटतं मला."

बाकीच्या सल्लागारांचं मत उलट होतं. तरी विपुलनं इंजिनिअरच्या कंपनीचे निम्मे शेअर विकले.

दिवाळीनंतर निकाल आला. मूळ शोधात वाटा असलेल्या एका सहकारी स्त्रीचं नाव वगळलं होतं, म्हणून पेटंट रद्द झालं. पेटंटचा अर्ज होण्याआधीच ती वारली होती.

"मग आता गप झाली असंल बिचारी," आई म्हणाली.

दीक्षानं तुकडा पुन्हा लावून पाहिला. श्वास होताच, पहिल्यापेक्षा जवळ.

विपुल खूश होता. "नवीन खटला आहे, रेकॉर्डिंग पाठवतो."

"मी फक्त कागद वाचीन."

"कागद वाचणारे आहेत हो. आम्हाला तुमचा कान हवाय."

तिनं काम सोडलं. हल्ली ती पुन्हा महाडच्या कोर्टात उभी राहते. साक्षीदार उत्तर देताना थांबला, की फाइलची पानं चाळते, उगाच खोकते. न्यायाधीशांनी एकदोनदा टोकलंही. ती माफी मागते आणि घाईघाईनं पुढचा प्रश्न विचारते.