फॉलोअप कोणी घ्यायचा

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मला बावीस वर्षे झाली. दहावीला गणित राहिले. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव परत आल्याचे उदाहरण नाही. म्हणूनच ‘फॉलोअप घ्या’ हे शब्द कानी पडले की माझे पित्त खवळते. त्याचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला आहे. पाठपुरावा करणे, हा एक. दुसरा असा की, औषध दिल्यावर रोग्याला गुण आला किंवा नाही, याची डॉक्टरने स्वतः चौकशी करणे. आमच्या कचेरीत मात्र कारकून खुर्चीत बसतो आणि फॉलोअप रोग्याने घ्यायचा.

मूळची सोयगावकडची, इथे चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई माझ्याकडे आली. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. रहिवासी दाखला शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात हवा होता. अर्ज मी सोमवारी लिहून दिला. मग रोज कामावर खाडा करून ती खिडकीशी जाई, आणि कारकून रोज फॉलोअप घेत राहा म्हणून वाटेला लावी.

गुरुवारी ती मला म्हणाली, “भाऊ, रोजच तर येऊ राह्यले मी. अजून कसा घेत्यात त्यो?”

मी टेबल सोडून आत गेलो व कारकुनास जाब विचारला. त्याने माझाच अर्ज पुढे सरकवला.

“काका, शेवटची ओळ वाचा. ‘अर्जदार जबाबासाठी समक्ष हजर राहील.’ म्हणून साहेबांनी जबाबाच्या गठ्ठ्यात टाकला.”

ही ओळ फाटकावरचे आम्ही सर्वच लिहितो. जबाबाची गरज असो वा नसो, तिने अर्जास वजन येते. माझी चूक मी नाकारत नाही. पण मी त्याला विचारले, “चार दिवस बाई खिडकीशी उभी होती, ती कुणासमक्ष?”

त्याने बाईला आत बोलावले. जबाब दोन ओळींचा निघाला. शुक्रवारी साडेतीनला सही झाली आणि बाई रिक्षाकडे धावली.

प्रवेश झाल्याचे सांगायला ती सोमवारी आली. मी तोवर कारकुनाविरुद्ध तीन पानी तक्रार तयार ठेवली होती; फक्त तिचा अंगठा हवा होता. तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“नको भाऊ. धाकटीचा दाखला बी त्याच्याच खिडकीवरून काढायचाय.”