निम्म्या मापाची पुली

नानांचं गणित चुकलं, हे मला पटेचना. माझ्या वडिलांनी धारच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. व्यस्त प्रमाण तर मला त्यांनी अंगणात सायकल उलटी टेकवून शिकवलं. मोठं चक्र एकदा फिरलं की लहान किती वेळा फिरतं, मोज म्हणाले. मोजून मोजून मी रडकुंडीला आले, पण ते डोक्यात पक्कं बसलं. देवासला पंपाच्या कारखान्यातली माझी नोकरी त्याच्याच जोरावर आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी मांडूच्या रस्त्याला जामफळाची, म्हणजे पेरूची, बाग लावली. तिथल्या विहिरीवरचा पंप डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचा. यंदा ऐन उन्हाळ्यात इंजिन बसलं. नानांनी परस्पर विजेची मोटर आणि तिला पुली आणली. पण बटण दाबलं की पट्टा किंचाळायचा आणि स्टार्टर पडून मोटर बंद व्हायची. नवी रोपं माना टाकू लागली, तेव्हा आईनं मला बोलावून घेतलं.

जाऊन पाहते तर मोटरवर परातीएवढी पुली!

"नाना, ही कोणी दिली तुम्हाला?"

"हिशेब करून आणलीय. मोटर इंजिनाच्या दुप्पट वेगानं फिरते, म्हणून पुलीही इंजिनाच्या पुलीच्या दुप्पट."

"अहो, दुप्पट नाही, निम्मी! पंपाचा वेग पहिल्याइतकाच हवा ना?"

"तू मला त्रैराशिक शिकवू नकोस."

माझं डोकंच फिरलं. हट्टाला काही सीमा? दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, "दीदी, मास्साब ने जो नाप बताया, वही दे दी. उनका हिसाब हम जाँचेंगे क्या?" तोही त्यांचाच विद्यार्थी. सगळ्या धारमध्ये त्यांचं गणित तपासणारा माणूस उरलेला नाही.

"मग मांडून दाखवा," मी चिडून म्हटलं.

नानांनी कोळसा घेतला आणि पंपघराच्या भिंतीवर मांडलं. तेच सुबक आकडे, उत्तराखाली तीच दुहेरी रेघ. मांडणी मात्र उलटी होती, आणि त्यांना ती दिसत नव्हती. ते माझ्याकडे वळून निवांत हसले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला भीती वाटली. आई दारात उभी होती. ती भिंतीकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती. तिनं मला पंपासाठी बोलावलंच नव्हतं.

 मी दुकानातून इंजिनाच्या पुलीच्या निम्म्या मापाची पुली आणली, दोरी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत घेतल्या, पट्टा ताणला. मोटर लागली, पट्टा गुपचूप फिरला आणि पाटात पाणी पडलं.

नाना बराच वेळ पाणी पाहत राहिले.

"बरोबर आलं गं तुझं गणित. कोणी शिकवलं?"

"तुम्हीच, नाना."

त्यांनी जरा विचार केला.

"मग बरोबरच येणार," म्हणाले, आणि फावडं उचलून रोपांकडे पाणी वळवायला गेले.