लेकरं दोन, कड एक

गाडीवरून जाणाऱ्याला रस्त्यात सिग्नल भेटतात, पायी जाणाऱ्याला माणसं भेटतात. आणि दोन लहान लेकरं घेऊन पायी जाणारी बाई असेल, तर तिला अख्खी अमरावती थांबवून काहीतरी विचारते. मी भाजी आणायला निघते आणि भाजीसोबत एक किस्साही घेऊन येते. भाजी संपते, किस्से साचत जातात. जेवताना नवऱ्याला सांगत बसते, तर परवा तो म्हणाला, "लिहून ठेव एकदाचं. माझं जेवण तरी शांततेत होईल." म्हणून हे.

आधी आमचं बिऱ्हाड सांगते. नवरा अकोल्याला नोकरीला. सकाळी मोटारसायकल काढतो, बडनेरा स्टेशनच्या स्टँडवर लावतो आणि रेल्वे पकडतो. म्हणजे आमच्या घरची एकुलती एक गाडी दिवसभर बडनेऱ्याला आराम करते आणि आम्ही तिघं इकडे पायी. थोरली मैत्री पाच वर्षांची. धाकटा विहान अडीच वर्षांचा, पण कापसाच्या बोंडासारखा गोल, म्हणून त्याला सगळे बोंड्या म्हणतात.

स्कूटी का शिकत नाहीस, असं विचारू नका. शिकले होते. मैत्रिणीची स्कूटी घेऊन मैदानातून निघाले, ती थेट रसवंतीच्या मांडवात. चरख्यापाशी स्कूटी थांबली, मी थांबले नाही. बाकड्यावरून उठून साडी झटकली, तर रसवाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, बर्फ टाकू का बिनबर्फाचा?"

बिनबर्फाचा प्याले आणि स्कूटी परत करून आले.

* * *

आमच्याकडे बाई पायी दिसली की पहिला प्रश्न, "कावून पायी?" म्हणजे, का बरं पायी? लेकरं सोबत असली तर प्रश्न बदलून "कुठं चालली?" होतो आणि डोळे बारीक होतात. लेकरं आणि मोठी पिशवी, दोन्ही असलं तर प्रश्नच नसतो. बाई भांडून माहेरी निघाली, हे ठरलेलंच.

एकदा घरातल्या उशांत कापसाचे गोळे झाले होते. त्यांचा कापूस पिंजून घ्यायचा म्हणून मी सगळ्या उशा चादरीत बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं, लेकरं सोबत घेतली आणि निघाले. वाटेत शेजारच्या काकू भेटल्या. बोंड्या नेमका रडत होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, काय प्रेमळ बाई आहे.

पिंजाऱ्याच्या दुकानापर्यंत पोचले नाही तोच चांदूर बाजारहून सासूबाईंचा फोन. आवाज कापत होता. "सूनबाई, पोराचं चुकलं असन तर त्याले पाह्यून घेऊ आपण. पण तू जाऊ नको."

मी म्हटलं, अहो आई, उशा पिंजायला चालले आहे. मग एकदम ठणठणीत आवाज आला, "असं काय? मंग माया गादीचाही कापूस घेऊन जाजो पुढच्या खेपेले."

* * *

दुसरा ताप लिफ्टचा. ओळखीचा माणूस गाडीवरून चालला आहे आणि तुम्ही पायी आहात, तर तो थांबणारच. "बसा न." तुम्ही नाही म्हटलं की त्याला वाईट वाटणार. आमच्या नवऱ्याचा मित्र गजूभाऊ त्यात सगळ्यात हळवा.

एके दिवशी तो समोरून आला. मागे गॅसचा सिलेंडर बांधलेला, पुढे टाकीवर गव्हाचं पोतं. तरी ब्रेक मारला. "बसा वहिनी. करू ॲडजस्ट."

मी विचारलं, कुठे? त्यानं सिलेंडरकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, बोंड्याकडे पाहिलं. हिशेब जुळेना. पण वहिनीला लेकरांसकट पायी सोडून पुढे जाणं त्याच्या तत्त्वात बसेना. मग तो गाडीवरून उतरला आणि सिलेंडर-पोत्यासकट गाडी ढकलत आमच्यासोबत पायी निघाला. थेट आमच्या फाटकापर्यंत. घामानं निथळत होता बिचारा. पाणी प्यायला आणि म्हणाला, "आता कसं बरं वाटलं."

त्या दिवसापासून गजूभाऊ लांबून दिसला की आम्ही तिघं पाणीपुरीच्या गाडीमागे लपतो. त्याच्या भल्यासाठीच. पण बोंड्याला लपणं म्हणजे हाक मारणं वाटतं. तो गाडीमागून ओरडतो, "गजूकाका, आमी लपलो!"

* * *

आता कडेचा प्रश्न. लेकरं दोन आणि कड एक. बोंड्या थोडं चालतो आणि रस्त्यातच बसतो. म्हणतो, "पाय संपले." मग त्याच्याशी करार केला. जाताना घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत कडेवर, देवळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत पायी. करार मी पाळते, तो पाळत नाही.

मैत्रीचा करारच नाही. बोंड्या झाला त्या दिवशी दवाखान्यातच सासूबाईंनी तिला सांगितलं, "आजपासून तू ताई." तेव्हा ती इवलीशी होती, आज बोंड्या आहे तेवढीच. पण त्या दिवसापासून आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो, मीसुद्धा. ती माझ्या ओढणीचं टोक धरून चालते. ऊन असो, चढ असो, कधी घे म्हणत नाही. गिरणीवाले काका रोज न चुकता म्हणतात, "लय समजदार पोरगी हाये बाप्पा." लोकांना कौतुक वाटतं. मला मात्र आत कुठेतरी टोचतं. एवढं समजदार असायचं हे वय आहे का? एकदा तरी हिनं रस्त्यात बसून म्हणावं, पाय संपले.

एक दिवस शाळेतून येताना तिचा चेहरा पार उतरला होता. मी बोंड्याला खाली ठेवलं, तो किंचाळला, तरी ठेवलं. तिला म्हटलं, ये, आज तू ये. ती एकदम माझ्याकडे आली. हात वर केले. मग तिची नजर गिरणीकडे गेली आणि तिनं हात खाली घेतले.

"नको," ती म्हणाली. "काका म्हणतील, एवढी मोठी ताई कडेवर."

बोंड्या तोपर्यंत परत माझ्या पायाला चढला होता.

* * *

मे महिन्यात माहेरी गेलो होतो, अकोल्याला, जुन्या शहरात. अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काय सांगणार? माझे बाबा उन्हाशी समोरासमोर लढतात. बाहेर निघायचं तर प्रत्येकाच्या डोक्याला ओला दुपट्टा आणि प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास. ज्याच्या खिशात कांदा नाही तो उंबरा ओलांडत नाही.

परतायच्या दिवशी मोर्णा नदीच्या पुलावरून चाललो होतो. पुढे बाबा, हात वर करून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबवत. मागे मी, बोंड्या कडेवर, मैत्री ओढणीला. तेवढ्यात बोंड्या वाकला आणि त्याच्या खिशातला कांदा पडला. गडगडत थेट रस्त्याच्या मधोमध. बोंड्यानं जो टाहो फोडला तो नदीच्या दोन्ही काठांना ऐकू गेला असेल. मैत्रीनं एक क्षण विचार केला, स्वतःच्या फ्रॉकच्या खिशातला कांदा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. बाबा म्हणाले, "शेवटी ताई हाये ते." त्या उन्हात तिचा खिसा रिकामा, हेच मला दिसत होतं.

मागून एक ऑटो कर्रकन थांबला. चालक उतरला, वाकला आणि कांदा शर्टाला पुसत आमच्यापाशी आला. "बाई, लेकराचा कांदा पडला." मी म्हटलं, असू द्या भाऊ, तुम्हीच ठेवा, ऊन आहे.

त्यानं स्वतःचा खिसा थोपटला. "माया कांदा हाये मायाजवळ."

पडलेला कांदा मैत्रीनं आपल्या खिशात टाकला.

* * *

त्याच संध्याकाळी अमरावतीला परतलो. नवरा मागच्या गाडीनं येणार होता. बोंड्या बडनेऱ्यापर्यंत माझ्या मांडीवर गाढ झोपला, त्यामुळे उतरला तेव्हा ताजातवाना. मैत्री सगळा वेळ खिडकीशी टक्क जागी. बडनेऱ्याहून शेअर ऑटो केला. आमचा चौक जवळ आला तशी मैत्रीची मान माझ्या दंडावर कलंडली.

चौकापासून घरापर्यंत पायीच जावं लागतं. मी तिला हलवलं, ताई, ऊठ, आलो. ती हलली नाही. ऑटोवाला म्हणाला, झोपली वाटते. मग काय करणार? पिशवी एका खांद्याला लावली, मैत्रीला उचलून दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि ओढणीचं टोक बोंड्याच्या हातात दिलं. त्यानं लगेच पाय संपल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, ताई झोपली आहे, आज तू चाल. त्यानं वर तिच्याकडे नीट पाहिलं आणि चक्क चालायला लागला.

झोपलेलं लेकरू दुप्पट जड होतं म्हणतात. ही तेवढी जड लागेना.

गिरणीच्या दारात काका पीठ झटकत उभे होते. "अवो, एवढी मोठी पोरगी कावून उचलली? उतरवा तिले, चालते न ते."

"झोपली न, काका," मी म्हटलं.

माझ्या गळ्याभोवतीचे हात जरा घट्ट झाले. काका मान हलवत आत गेले. आम्ही पुढे निघालो. मारुतीचं देऊळ मागे टाकलं, तेवढ्यात माझ्या कानाशी अगदी हळू आवाज आला.

"आई, माझी चप्पल मांगं रायली."

मान वळवून पाहिलं. डोळे गच्च मिटलेले, पापण्या थरथरत होत्या. मी मागे गेले. तिला न उतरवता गुडघे वाकवून चप्पल उचलली आणि पिशवीत टाकली.

"झोप तू," मी म्हटलं.

आमचं फाटक आलं. बोंड्यानं ओढणी ओढली. मी तशीच पुढे चालत राहिले, कोपऱ्यावरच्या निंबाकडे. तो ओढणी धरून माझ्यामागे पळत आला.

"आई," तो ओरडला, "घर मांगं रायलं!"