एका दुपारच्या तीन राख्या

पैसे मोजून आणलेली बहीण किती दिवस बहीण राहते, सांगता का मला?

आमच्या वस्तीतली प्रयागबाई लकडगंजात मधुकररावांच्या गोदामात मिरचीची देठं खुडायची. नवरा वारलेला, भाऊ कधी नव्हताच, पदरात एक पोरगी, काजल. मधुकररावांच्या दोन्ही किडन्या गेल्या. घरात कुणाची जुळेना, बाईची जुळली. आता किडनी विकणं गुन्हा. पण जिवाभावाचं माणूस प्रेमानं देऊ शकतं; परवानगी देणाऱ्या समितीला ते प्रेम पटलं पाहिजे, बस. मग प्रेम तयार केलं. मधुकररावांच्या बैठकीत एकाच दुपारी तीन वर्षांच्या राख्या बांधून झाल्या. दर फोटोला वेगळी साडी, भिंतीवर वेगळं कॅलेंडर. साड्या बाईलाच दिल्या. भावाकडची साडी तिला जन्मात मिळाली नव्हती.

बोलायचं सगळं पाठ करून घेतलं होतं. पण समितीनं "यांना किडनी का देता?" विचारलं आणि बाई पाठ केलेलं विसरून ढसाढसा रडली. "माहा भाऊ मरून राहिला नं साहेब!"

मंजुरी मिळाली. ठरलेले पैसेही मिळाले, त्यात खोट नाही.

पुढे काजलचं लग्न जमलं. आपल्याकडे नवरीच्या मागं मामा उभा लागतो. बाई पत्रिका घेऊन निघाली, सोबत मी.

मधुकररावांनी दारातच अडवलं. "इथं काहून आली वं? पैसे भेटले नं पुरे? कोणी पाह्यलं तर दोघंही जेलात जाऊ."

"पैसे कोण मांगून राहिलं, भाऊ? मामा आहा तुमी पोरीचे. उभं राहाले या."

त्यांनी पाकीट पुढं केलं. तिनं त्यावर पत्रिका ठेवली, दोन्ही त्यांच्याच हातात सोडून वळली.

रस्त्यात मी भडकलो. "मावशी, सौदा होता तो! तुले समजत कसं नाही?"

"सौद्यात रडू येते काय गा?"



लग्नात भटजींनी मामाला हाक मारली. बाई फाटकाकडे पाहत म्हणाली, "थांबा नं महाराज, ट्राफिकमधी अडकले असतीन." शेवटी मंडपवाल्या चंपतरावांना हात पुसायला लावून नवरीच्या मागं उभं केलं.

'किडनीची विक्री कायद्यानं उघड करा, दलाल मरतील,' म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो. उघड केली तर रांग आमच्याच वस्त्यांतून लागेल, धंतोलीच्या डॉक्टरांच्या बंगल्यांतून नाही. पण एक गोष्ट घशात अडकते. उघड विक्री असती, तर प्रयागबाईला निदान कळलं असतं की ती विकते आहे. कायद्यानं प्रेमाचा पुरावा मागितला. पैसेवाल्यानं तो बनवला आणि खरं प्रेम फक्त तिनं केलं.

तुमच्या अंगात अशा कुणाची किडनी असेल, तर मला नाव सांगू नका. मी पोलिसात जाणार नाही. तिला वर्षातून एकदा उरलेल्या किडनीच्या तपासणीला न्या. आणि ती पत्रिका घेऊन आली तर, हात जोडतो, लग्नाला जा.