तांदळाच्या डब्यातल्या सुऱ्या

समस्त विवेकवादी मंडळींना जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, २००५च्या ऑक्टोबरमध्ये, अलास्काच्या पार उत्तर टोकाला, मी घरातल्या सगळ्या सुऱ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या.

गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये, चंद्र बघू नये, या गोष्टींची मी जन्मभर टिंगल केली होती. पण आमची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसरं सहाव्या महिन्यात होतं आणि ग्रहणाच्या आदल्या दुपारपासून हललं नव्हतं. बायको बर्फावर संशोधन करायची, त्या केंद्रावर डॉक्टर नव्हता. विमान उजाडल्यावर येणार होतं.

पहाटे चारला तिनं जाड कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"ग्रहण बघायला."

"कशाला उगीच? थंडी आहे."

"थंडीचं मला सांगतोस? घाबरलायस तू. मीही घाबरलेय. पण इथे नुसती पडून राहिले तर वेड लागेल मला."

मी तिच्यामागे बाहेर गेलो. चंद्राची जेमतेम एक कड काळवंडली होती, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी. एवढ्याशासाठी मी सुऱ्या लपवल्या होत्या. तिनं माझा हात कोटाच्या आत ओढून पोटावर दाबला. बराच वेळ काहीच झालं नाही. माझ्या पापण्यांवर बर्फ धरला. कड हळूहळू उजळली, चंद्र पुन्हा पुरा झाला, तरी आम्ही तसेच उभे होतो.

मग हाताला आतून एक धक्का बसला, पाठोपाठ दुसरा.

"लाथ मारली यार," ती मोठ्यानं म्हणाली. "आता तांदळाच्या डब्यातली एक सुरी दे, सफरचंद चिरायचंय मला."