रिसोडात मेलबर्नचं घर कोण शोधतंय?

मागच्या मंगळवारी माझी चांगलीच जिरली... तीही घरच्या घरी, रिसोडात.

मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. ही कंपनी आपल्याकडच्या लोकांना परदेशात घरं विकते. कुठल्या गावातले लोक परदेशातल्या घरांबद्दल नेटवर काय शोधतात ते सर्च ट्रेंडमध्ये बघायचं आणि जाहिरात कुठे करायची ते सांगायचं, हे माझं काम. नेहमी तीच नावं येतात... पुणे, नागपूर, नाशिक.

मंगळवारी सकाळी यादी उघडली तर त्यात चक्क रिसोड! सर्च होता 'मेलबर्न घर भाव आज'. दोन महिन्यांपासून आलेखाची रेष वर वर चाललेली.

आता खरं सांगते, लहान गावाच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. मुळात शोधणारे कमी, त्यामुळे दहा-बारा जणांनी एकच गोष्ट रोज शोधली तरी रेष उड्या मारते. हे मला पाठ आहे... पण आपल्या गावाचं नाव बघितलं आणि माझी अक्कल चरायला गेली.

कंपनीच्या सरांना लगेच मेल ठोकला, 'रिसोडमध्ये जोरदार इंटरेस्ट आहे.' सर इतके खूश की दुपारी त्यांनी मला हॉलच बघायला सांगितला. गुंतवणूकदारांचा मेळावा घेऊ म्हणाले.

आमच्या रिसोडात गुंतवणूकदार? कोण असतील बाई... डॉक्टर? सोन्याचांदीवाले? कोणाकोणाला बोलवायचं, त्याची मी मनातल्या मनात यादीसुद्धा केली.

संध्याकाळी भाजी घ्यायला निघाले तर बाजार समितीच्या गेटजवळ श्रीरामकाका भेटले. हे बाबांचे जुने मित्र, दोघं सोयाबीन विकायला नेतात तेही सोबतच. काकांनी गाडी थांबवून मलाच विचारलं, "काय वं, मेलबर्नचा भाव उतरला काय?"

मी उडालेच. "काका, तुम्ही कशाला बघता मेलबर्नचा भाव?"

"तुह्या बाबासाठी. आमी दहा-बारा जणं रोज सकाळी सोयाबीनचा भाव पाह्यतो, मंग मेलबर्नचा. तुहा भाऊ तिकडं घर घेऊन राह्यला न? सस्त्यात भेटलं पाह्यजे पोराले."

माझा दादा सहा वर्षांपासून मेलबर्नला नोकरी करतो. तिथेच घर बघतोय, हे त्याने दोन महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलं होतं. बाबा तेव्हा नुसतं 'बरं' म्हणाले आणि विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले. आई जाऊन तीन वर्षं झाली, आता घरात मी आणि बाबा दोघंच.

आणि मग त्या सर्चमधला 'आज' कळला. घराचा भाव रोज सकाळी कोण विचारतं? ज्याने जन्मभर सोयाबीनचा भाव तसा विचारला, तोच. हे मला सकाळी यादी बघतानाच सुचायला हवं होतं.

घरी आले ती हसतच. बाबांना म्हटलं, तुमच्या मित्रमंडळामुळे माझी कंपनी रिसोडात हॉल बुक करायला निघाली आहे... सगळे मिळून भाव उतरायची वाट बघताय म्हणे.

बाबा हसले नाहीत. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "श्रीरामले तसं वाट्टे. मी त चढायची वाट पाहून राह्यलो."

"काहून?"

"चढला त त्याले झेपनार नाई. झेपलं नाई त येईन वापस."

 दोन महिने मी शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते, लोकांना काय हवंय ते शोधत. आणि बाबा रोज सकाळी फोनला विचारत होते, पोरगा परत येईल का... फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाच म्हणाले, "लाव त्याले फोन."

दादाने उचलला. बाबांनी आडवळण घेतलंच नाही... "घर पसंत पडलं काय तुले?"

दादा अडखळत म्हणाला, "एक आवडलंय... पण तुम्हाला कसं सांगू ते कळत नव्हतं."

"मंग घेऊन टाक. भावाची वाट नोको पाहू. म्या पाह्यली दोन महिने, जीव लागत नाई कशात."

 दादा म्हणाला, "बाबा, बघायला तरी या." बाबा म्हणाले, "सोयाबीन सोंगू दे, मंग येतो." कापणी झाल्यावर का होईना, पण 'येतो' म्हणाले!

सरांना मी खरं काय ते लिहून टाकलं... रिसोडातला इंटरेस्ट म्हणजे एक बाप आणि त्याचे दहा-बारा मित्र. सरांनी मेळावा रद्द केला आणि मला चार शब्द सुनावले. बरोबरच आहे, चूक माझीच होती.

सोमवारी पासपोर्टच्या कामाला बाबांना घेऊन वाशीमला जातेय. दादा परत येईल ही आशा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली आणि कोणाला बोल लावला नाही. बाबा ही पोस्ट वाचणार नाहीत, तरी लिहिते... बाबा, मी विचारायला दोन महिने उशीर केला, तरी तुम्ही मला खरं तेच सांगितलंत. थँक्यू.